ग्रहणातली सात लेकरं

मी पॅथॉलॉजीची डॉक्टर. म्हणजे माझे पेशंट बोलत नाहीत. ते फॉर्मॅलिनच्या बरणीत बसून येतात, अंगावर चिठ्ठी असते, आणि मी त्यांच्याबद्दल काय म्हणेन ते निमूट ऐकून घेतात. नवऱ्यानंसुद्धा माझं एवढं कधी ऐकलं नाही. नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात मी तेवीस वर्षं हे काम केलं आणि त्यात फार सुखी होते. माणसांशी बोलायचं काम वॉर्डातल्या डॉक्टरांचं. त्यांनी ते करावं, शिव्या खाव्यात, बरा झालेला पेशंट पेढे घेऊन आला की ते पेढेही त्यांनीच खावेत. आपण मायक्रोस्कोपला डोळा लावावा आणि खरं काय ते चार ओळींत लिहून द्यावं.

हा नियम मी एकदाच मोडला, सत्याऐंशीच्या दिवाळीच्या सुमारास, आणि तोही निव्वळ शहाणपण मिरवायच्या हौसेनं.

महाल भागातली गोपिका नावाची सात वर्षांची पोरगी होती. बाप गोविंदा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला, आई जया घरी ब्लाउज शिवायची. दोन महिने पोरगी सकाळी उठली की उलटी करायची. आधी जंताचं औषध झालं, मग दृष्ट काढून झाली, मग चष्मा लागला. चष्मा लावूनही ती चालताना भिंतीला धडकायला लागली तेव्हा कुठं तिला आमच्याकडं आणलं. डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदूत गाठ होती. ऑपरेशन झालं, हाताला लागली तेवढी गाठ काढली, आणि तिचा तुकडा बरणीत बसून माझ्याकडं आला.

आमचे टेक्निशियन नत्थूजी. मेणात बसवलेल्या तुकड्याचे ते इतके पातळ काप काढत की काप निघताना मी श्वास रोखून धरायची आणि ते मात्र दाताखालची सुपारी चघळत असत. त्यांनी स्लाइड रंगवून आणली आणि म्हणाले, "मॅडम, पाहा. इतवारीत धनतेरसले असते ना, तशी गर्दी आहे."

गर्दी होतीच. बारक्या, गडद निळ्या पेशी, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. मधूनच काही गोल करून बसलेल्या, भुलाबाईची गाणी म्हणायला पोरी बसतात तशा. मी पाहताक्षणी ओळखलं आणि मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. कारण या गाठीवर मी दोन वर्षं वाचत होते. एक लेखही लिहिला होता. तो एका मासिकानं आभारपूर्वक परत केला होता.

गोष्ट अशी. मोठ्या माणसांचे पुष्कळसे कर्करोग हे वापरून वापरून बिघडलेल्या पेशींचे. पोरांची ही गाठ तशी नाही. बाळ पोटात असतं तेव्हा लहान मेंदूच्या वरच्या बाजूला कोवळ्या पेशींचा एक थर असतो. त्या तिथं भराभर वाढतात, मग एकेक करून आत उतरतात आणि मोठ्या होऊन कामाला लागतात. मूल वर्षा-दीड वर्षाचं झालं की तो थर उरत नाही. पण काही पेशी आत जातच नाहीत. मोठंही होत नाहीत. पोरकटच राहतात, वाढतच राहतात, आणि काही वर्षांनी त्याचीच गाठ होते. हे तेव्हा बरेच जण मानत होते, पण छातीठोकपणे कुणी सांगत नव्हतं. मी सोडून.

रिपोर्ट खरं तर वॉर्डात जातो. पण दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, शिपाई नव्हता, आणि कुणीतरी गोविंदा-जयाला सरळ आमच्या विभागातच पाठवलं. गोविंदा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे कायच्यानं झालं? आमच्या घरात कोणालेच नाई असं."

'सर्जनला विचारा' म्हणायला माझं काय जात होतं? पण दोन वर्षांत मला हे पहिल्यांदाच कुणी आपणहून विचारत होतं. मी दोघांना स्टुलांवर बसवलं. कागद घेतला. पोटातलं बाळ काढलं, त्याचा मेंदू काढला, थर काढला, उतरणाऱ्या पेशींना बाण काढले. गोविंदा माझ्याकडं पाहत होता. जया कागदाकडं.

"म्हणजे हे पोटात असतानीच सुरू झालं?" जयानं विचारलं.

"अगदी. आईच्या पोटात."

"कितव्या महिन्यात?"

माझ्या एम.डी.च्या पोरांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला तिचं भलतंच कौतुक वाटलं. "तिसऱ्या महिन्यानंतर तो थर दिसायला लागतो," मी म्हटलं. "चौथ्या-पाचव्यात जोर धरतो. घोळ होतो तो तिथंच कुठंतरी."

तिनं मान हलवली, पदर सारखा केला आणि पुढं काही विचारलं नाही. विद्यार्थी गप्प बसला म्हणजे त्याला समजलं, असं धरून चालायची आम्हा मास्तरलोकांची खोड आहे. मी कागद तिलाच देऊन टाकला.

नऊ दिवसांनी वामनराव माझ्या खोलीत आले. हे किरणोपचाराचे डॉक्टर, बोलायला एरवी गोड. त्या दिवशी त्यांनी खुर्चीही ओढली नाही. "शोभाताई, त्या गोपिकेच्या आईला तुम्ही काय सांगितलंत?"

झालं होतं ते असं. ऑपरेशननंतर गाठीचा जो अंश राहतो त्याला किरण द्यावे लागतात. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. पोरीनं पालथं पडायचं, मानेवर शाईच्या खुणा असतात, आणि तीन मिनिटं अजिबात हलायचं नाही. खोलीत दुसरं कुणी थांबू शकत नाही. जाड दार बंद होतं, बाकीचे बाहेर जाड काचेमागं. गोपिका दार बंद झालं की उठून बसायची. दोनदा मशीन थांबवावं लागलं होतं. आजी रंभाबाई तिला शिऱ्याचं आमिष दाखवत होती, बाप हात जोडत होता, आणि पोरगी एकच विचारत होती की आई कुठं आहे.

"आई दवाखान्याच्या आवारात असते," वामनराव म्हणाले. "डबा आणते, नवऱ्याच्या हाती देते, आत येत नाही. पोरीजवळ जाऊन नऊ दिवस झाले. विचारलं तर म्हणते, मॅडमनं सांगितलं, माझ्याच पोटात झालं." त्यांनी चष्मा काढला. "रोज भूल द्यायची तर भूल देणारा रोज मिळत नाही, आणि त्या पोरीला ती झेपणारही नाही. आणखी आठवडा गेला तर उरलेली गाठ माझी वाट पाहणार नाही. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच नीट करा."

जया बाहेर कडुनिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी आयुष्यात पहिल्यांदाच पेशंटच्या नातेवाइकाशेजारी जमिनीवर बसले. पातळाला लागलेली माती नंतर दोन धुण्यांत निघाली.

"गोपिका तुझ्यासाठी रडते आहे," मी म्हटलं.

"मी गेली तं आणखी काही होईल तिले."

"काहून?" मी नागपूरचीच आहे, असा प्रसंग आला की ते बाहेर येतं.

तिनं डब्याची कडी खालीवर केली. मग म्हणाली, "ग्रहण होतं ना, मॅडम. ऐंशीचं. मले चौथा महिना होता."

ते ग्रहण मला आठवत होतं. फेब्रुवारीतला शनिवार, भर दुपार, आणि महालात कर्फ्यू लागल्यासारखा शुकशुकाट. माझ्या सासूबाईंनी चूल पेटू दिली नव्हती म्हणून मी डॉक्टर असूनही चहाशिवाय बसले होते. आणि गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, नाही तर लेकराचा ओठ फाटतो, कान तुटतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. जयाच्या सासूनं तिला अंधाऱ्या खोलीत निजवलं होतं. पण सोमवारी इतवारीतल्या एका लग्नघरचे सहा ब्लाउज द्यायचे होते. सासू डोळे मिटून जप करायला बसली, तशी ही हळूच उठली.

"चार बाह्या कापल्या मी," जया म्हणाली. "हिरव्या खणाच्या. कोणालेच माहीत नाई, ह्यायलेबी नाई. पोरगी झाली, ओठ पाहिला, कान पाहिले, सगळं चांगलं. मले वाटलं, सुटली मी. मंग तुमी महिना सांगतला."

मी शिकलेली बाई. मी ग्रहण समजावलं. चंद्राची सावली पडते, दुसरं काही नाही.

"थे शाळेत शिकवलं होतं आमाले," ती म्हणाली. "पण महिना तं तोच ना."

"अगं, मी महिना म्हटलं. दिवस कुठं सांगितला? दिवस कुणालाच ठाऊक नाही."

"मले ठाऊक आहे."

मग मी दुसरा रस्ता धरला. म्हटलं, हे बघ, अंगणात पोरं खेळत असतात, आई जेवायला हाक मारते, सगळी आत येतात, एखादं आपलं खेळतच राहतं. त्यात कुणाचा दोष?

जयानं माझ्याकडं सरळ पाहिलं. "हाक मारणारीचंच ध्यान दुसरीकडं असंल तं राहीलच ना थे बाहेर."

आग विझवायला गेले होते, तेल ओतून परत आले. तिच्या बोलण्यात एक भोक सापडेल तर शपथ. माझ्या परत आलेल्या लेखापेक्षा तिचा युक्तिवाद कितीतरी पक्का होता, आणि त्याची सुरुवात मीच करून दिली होती. मला स्वतःचा इतका राग आला की विभागात येऊन मी पहिल्यांदा नत्थूजींवर ओरडले. कशावरून ते आठवत नाही.

त्यांनी ओरडणं संपू दिलं. मग काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ग्रहणाचं नाव निघताच ते हसले, चार बाह्यांपाशी आले तेव्हा हसायचे थांबले.

"सोळा फेब्रुवारीचं ना?" ते म्हणाले. "मंग तुमी कंट्रोल काहून नाई लावला, मॅडम?"

याचा अर्थ सांगायला हवा. एखादा खास रंग स्लाइडला द्यायचा असला तर सोबत दुसरी एक स्लाइड रंगवायची, जिच्याबद्दल आपल्याला आधीच सगळं माहीत आहे अशी. तिला कंट्रोल म्हणतात. तिच्यावरही भलतंच काही दिसलं तर दोष रंगाचा, पेशंटचा नाही. हा कंट्रोल लावायचा राहिला म्हणून मी नत्थूजींना वर्षातून चारदा झापत असे. ते आता फेडून घेत होते.

"इथं कसला कंट्रोल लावता?"

"त्या दिवशी आमच्या वस्तीत सामुदायिक जेवण होतं," नत्थूजी म्हणाले.

छप्पन साली बापाचं बोट धरून नव्हे, बापाला खांद्याचा आधार देऊन सोळा वर्षांचे नत्थूजी बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेले होते. त्यानंतर त्यांच्या वस्तीनं जुने नेमधर्म सोडले ते सोडलेच. ऐंशीच्या ग्रहणाला सगळं शहर दारं लावून बसलं, तेव्हा यांनी मैदानात चुली मांडल्या. ऐन ग्रहणात स्वयंपाक, ऐन ग्रहणात जेवण. आणि कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून वस्तीतल्या झाडून साऱ्या गरोदर बायका पहिल्या रांगेत, प्रत्येकीपुढं विळी.

"नऊ जणी होत्या. माह्यी अंजना त्यात," नत्थूजी म्हणाले. "दोघी गाव सोडून गेल्या. सात जणी लेकरांसकट सोमवारी हजर करतो."

सोमवारी सकाळी किरणोपचाराच्या विभागात जत्रा भरली. सात आया आणि सात वर्षांची सात पोरं, तेल लावून भांग पाडलेली, शाळा बुडाल्यामुळं अतिशय खूश. एक जण चाकाच्या खुर्चीत बसला, दुसरा त्याला ढकलू लागला, दोघी वजनकाट्यावर एकदमच चढल्या. शिपाई धावत आला आणि त्यानं केसपेपर मागितला. "यातला पेशंट कोणता?"

"एकबी नाई," नत्थूजी म्हणाले. "थेच दाखवायले आणलं."

गोविंदा कसंबसं समजावून जयाला व्हरांड्यापर्यंत घेऊन आला होता. नत्थूजींच्या बायकोनं, अंजनाबाईनं, तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं आणि सगळ्यांनी काय काय कापलं होतं ते एका दमात सांगितलं. वांगी, कांदे, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळे. पोरांना एका रांगेत उभं केलं. जयानं खरोखर एकेकाला तपासलं. हनुवटी धरून ओठ पाहिला, केस मागं सारून कान पाहिले, बोटं मोजली. मी इतकी वर्षं स्लाइडी पाहिल्या, पण एवढ्या बारकाईनं नाही. पोरांना वाटलं, दवाखान्यात असंच असतं. एकानं आपणहून जीभ बाहेर काढली.

पाचव्या पोराशी ती थांबली. "याचा डोळा?"

डोळा तिरळा होता. नत्थूजींनी कंट्रोल निवडताना हे पाहायला नको?

त्या पोराची आई कांताबाई जागची हललीही नाही. "थो याच्या बापावर गेला. बापबी तसाच पायते. अन् त्याची माय तं प्रत्येक ग्रहणात उपाशी बसे, पाणीबी नाई प्याली कधी."

जया पहिल्यांदा हसली. हसू आलं तसं गेलं, पण आलं होतं. मग तिनं अंजनाबाईला हळू आवाजात विचारलं, "तुमाले भेव नाई वाटलं, मावशी?"

"वाटलं ना वं," अंजनाबाई म्हणाली. "मी अख्खं कोहळं चिरलं. सारे टाळ्या वाजवून राहिले होते, म्हणून चिरलं. पण मंग पाच महिने डोळ्याले डोळा नाई लागला. पोरगी झाली तं पोरगा का पोरगी इचारलंच नाई मी. सुईणीले म्हटलं, आधी ओठ पाय."

नत्थूजी बायकोकडं पाहतच राहिले. सात वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मले काहून नाई बोलली तू?" ते म्हणाले.

"तुमी भाषण करून राहिले होते," अंजनाबाई म्हणाली.

जयाचे हात मांडीवर होते. ती त्यांच्याकडंच पाहत होती. "सात जणींनी कापलं," ती म्हणाली. "सातही लेकरं चांगली. मंग माह्यीच पोरगी काहून?"

अंजनाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "मले नाई माहीत, बाई. या मॅडमले इचार."

सगळ्या आया माझ्याकडं वळल्या. चाकाच्या खुर्चीतला पोरगाही थांबला. थर मला माहीत होता, महिने माहीत होते, रंग, आकार, नाव, सगळं माहीत होतं. एका पोरीच्या पेशी आत जातात आणि दुसरीच्या का जात नाहीत, हे माहीत नव्हतं. त्या दिवशी कागदावर बाण काढताना ही एवढीशी गोष्ट सांगायची माझ्याकडून राहूनच गेली होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. आवाज माझाच आहे का, असं वाटलं. "जया, मलाच काय, जगात कुणालाच माहीत नाही. मी माहीत असल्यासारखं बोलले. चूक झाली ती तिथं झाली, माझ्या खोलीत. तू कात्री लावली नसतीस तरी हे झालं असतं. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

ती लगेच उठली नाही. तळहात पदराला पुसले, पुन्हा पुसले. मग विचारलं, "खोली कोणती?"

गोपिकेला तोवर आत नेऊन पालथं झोपवलं होतं. जाड दार लागत होतं. आम्ही काचेमागं उभे राहिलो तेव्हा ती कोपरावर उठायच्या बेतात होती, टक्कल केलेलं डोकं वर काढून दाराकडं पाहत होती. वामनरावांनी भिंतीवरचा माइक जयापुढं केला आणि बटण दाखवलं.

जयानं ते दाबलं. इतक्या दिवसांत ती पोरीशी एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, आता रडेल.

"गोपे, डोकं खाली," ती म्हणाली, रोज घरी म्हणत असेल तशी.

डोकं खाली गेलं. आतला आवाज बाहेरच्या स्पीकरमधून यायचा. आधी नुसता श्वास आला, मग पोरीचा आवाज, उशीत दबलेला.

"आई?"

"हो."

"तू इतके दिवस काहून नाई आली?" आणि मग थोडं थांबून, "मी काय केलं होतं?"

वामनरावांचा हात मशीनच्या बटणापाशी तसाच राहिला. जयानं माइकचं बटण सोडलं, तोंडात पदर कोंबला, काचेला कपाळ टेकलं. मग पदर काढून तिनं बटण पुन्हा दाबलं.

"काही नाई केलं तू, बाई," ती म्हणाली. "कोणीच काही नाई केलं."

वामनरावांनी मशीन सुरू केलं. तीन मिनिटं जया बोलत होती आणि पोरगी हलली नाही.